सायकलवाले किर्लोस्कर

बेळगावात किर्लोस्कर रोड नावाचा एक रस्ता आहे. ऐन बाजारपेठेतला, गर्दीचा. बाहेरगावचा माणूस ती पाटी वाचतो आणि मनाशी समजतो, की पंप, इंजिने आणि लोखंडी नांगर करणाऱ्या त्या मोठ्या कारखानदाराच्या सन्मानासाठी हे नाव दिलेले असावे. पण या रस्त्याची ओळख कारखान्यामुळे झालेली नाही. इथे एक दुकान होते, आणि त्या दुकानात सायकली विकल्या जात, दुरुस्त होत आणि त्या चालवायलाही शिकवल्या जात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रातले हे प्रकरण एका परिच्छेदात उरकण्याची पद्धत आहे. पुढचे नांगर, माळरानावरचे गाव, इंजिने हे सगळे इतके भव्य आहे, की त्यापुढे सायकलचे दुकान पोरखेळ वाटते. मला मात्र नेहमी वाटत आले आहे, की हा माणूस घडला तो त्याच दुकानात.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे, याच कुळातले. घराणे मूळचे कोकणातल्या किर्लोशीचे, म्हणून आडनाव किर्लोस्कर. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरात मुलाने शिकावे, वकिली किंवा सरकारी नोकरी धरावी, एवढीच अपेक्षा असणार. लक्ष्मणाचे लक्ष पुस्तकात नव्हते. त्याला चित्रे काढायला आवडत आणि वस्तू उघडून बघायला आवडे. प्रत्येक घरात असा एखादा मुलगा असतो. तो घड्याळ उघडतो, ते पुन्हा जुळत नाही आणि मग मार खातो. या मुलाचे नशीब असे, की त्याला रामचंद्र नावाचा थोरला भाऊ होता. घरात त्यांना रामूअण्णा म्हणत. वडिलांची नाखुषी असताना रामूअण्णांनी धाकट्याच्या खर्चाचा भार उचलायचे कबूल केले आणि १८८५ मध्ये लक्ष्मण मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षे बरी गेली. मग एक गोष्ट उघड झाली. या विद्यार्थ्याला काही रंगांतला फरकच कळत नव्हता. रेषा पक्की, प्रमाण अचूक, पण रंग हाती घेतला की चूक. दृष्टीतला हा दोष जन्मजात असतो; त्यावर औषध तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. चित्रकार व्हायला घर सोडून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला हे कळते तेव्हा त्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी. वडिलांचा विरोध पत्करून आलेला, भावाच्या पैशावर शिकणारा. परत जायला तोंड नाही आणि पुढे जायला वाट नाही. लक्ष्मणरावांनी रंग बाजूला ठेवले आणि रेषा तेवढी धरून ठेवली. यंत्रांची रेखाटने करायला रंग लागत नाहीत. त्यांनी तो विषय पुरा केला आणि भायखळ्याला १८८७ मध्येच निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे साहाय्यक शिक्षक म्हणून ते लागले.

नोकरी मास्तरकीची, पण जीव अडकला तो संस्थेच्या वर्कशॉपमध्ये. शिकवण्याचे तास संपले की लक्ष्मणराव तिथे जाऊन बसत. लेथ कसा चालतो, बॉयलर कसा पेटतो, ओतकाम कसे होते, हे त्यांनी पाहून, विचारून, हात काळे करून शिकून घेतले. जवळ इंजिनिअरिंगची पदवी नव्हती आणि ती पुढेही कधी आली नाही.

अशात मुंबईच्या रस्त्यावर त्यांनी एक गृहस्थ दोन चाकांच्या गाडीवरून जाताना पाहिला.

ते साल साधारण १८८८. सायकल तेव्हा जगातच नवी होती. पुढचे चाक पुरुषभर उंचीचे आणि मागचे बशीएवढे, अशी उंच सायकल इंग्लंडात थोडी आधी आली होती. तिच्यावरून पडणे म्हणजे घोड्यावरून पडणे. थॉमस स्टीव्हन्स नावाचा माणूस याच उंच सायकलवर १८८४ मध्ये अमेरिकेतून जगप्रवासाला निघाला आणि १८८६ मध्ये पंजाबातून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्यापर्यंत आला होता. त्याचे सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, एक पावसाळी अंगरखा आणि एक पिस्तूल. रात्री तो अंगरखाच तंबू म्हणून वापरायचा. सायकलवरून लांब जायचे तर काय घ्यायचे यापेक्षा काय टाकायचे हे आधी कळावे लागते, आणि ते त्याला कळले होते. स्टीव्हन्स रस्त्यावर असतानाच, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्रीच्या स्टार्लीने रोव्हर नावाची नवी सायकल काढली. दोन सारखी चाके, मागच्या चाकाला साखळी, बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतील एवढी उंची. आपण आज चालवतो ती सायकल तिचीच वंशज. तिची धाव मात्र भरीव रबराची होती. हवेची धाव १८८८ मध्ये डनलॉप या बेलफास्टच्या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केली आणि ती सर्वत्र पोचायला पुढे काही वर्षे गेली.

लक्ष्मणरावांनी सायकल घेतली, चालवायला शिकले आणि तिचा उलगडा केला. मग रामूअण्णांना कळवले, की ही वस्तू बेळगावात विकता येईल. दोघा भावांनी किर्लोस्कर ब्रदर्स या नावाने धंदा सुरू केला. मुंबईत लक्ष्मणरावांनी सायकल पारखून घ्यायची आणि बेळगावला रवाना करायची. तिथे रामूअण्णांनी ती विकायची आणि गिऱ्हाइकाला शिकवायची. शिकवण्याची फी पंधरा रुपये. सायकलची किंमत सातशेपासून हजारापर्यंत असे, असे सांगतात. तेव्हाच्या साध्या कारकुनाला वर्षाच्या पगारातही ती परवडली नसती. गिऱ्हाईक म्हणजे सरकारी अंमलदार, वकील, डॉक्टर, संस्थानिकांचे नातेवाईक. धंदा थोडाच, पण प्रत्येक विक्रीत चार पैसे सुटणारा.

आज दुकानातून सायकल घेऊन निघणे म्हणजे पावती फाडणे. तेव्हा तसे नव्हते. सायकल पेटीत सुटी येई. सांगाडा वेगळा, चाके वेगळी, साखळी तेलकट कागदात. ती जोडायची, छर्रे ग्रीसमध्ये बसवायचे, कोन आवळायचे. फार आवळला तर चाक जड, सैल ठेवला तर डुगडुग. चाक हलले असेल तर तारा ताणून आउट काढायचा. मग गिऱ्हाइकाच्या मापाने बसण्याची उंची ठरवायची. ते गिऱ्हाईक धोतर नेसणारे. धोतराचा सोगा आणि उघडी साखळी यांचे वैर सायकलइतकेच जुने आहे, म्हणून त्याची सोय करायची. डोक्यावर पागोटे, ते वाऱ्याने उडणार. बेळगावचा पाऊस चार महिने, चिखल चाकात भरणार. गिऱ्हाईक शिकताना पडणार, पायडल वाकणार, आणि ते सरळ करायला बर्मिंगहॅमला पाठवता येणार नाही. विलायतेत तिथल्या माणसाच्या मापाने केलेले यंत्र इथल्या माणसाच्या अंगाला बसवणे, हेच त्या दुकानाचे खरे काम असणार. सायकल हे उघडे यंत्र आहे. मोटारीला बॉनेट असते, घड्याळाला डबी असते. सायकलचे सगळे पोट बाहेर. धुरा, छर्रे, दातेरी चकत्या, साखळी, तणाव, वंगण, पोलादी नळ्यांची सांधणी, यंत्रशास्त्राचे बहुतेक धडे तिच्यात आहेत. रंग न दिसणाऱ्या आणि रेषा बिनचूक दिसणाऱ्या माणसाला याहून चांगली शाळा कोणती मिळणार होती?

आमच्या पिढीच्या नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. सपाट गाव, रुंद रस्ते. महालातून सीताबर्डी, सीताबर्डीवरून धरमपेठ, सगळे सायकलवर. नव्या नोकरदाराची पहिली मोठी खरेदी सायकलची, आणि ती सजवण्याचा सोहळा लग्नाच्या रुखवतासारखा. आधी सांगाडा, बावीस इंची की चोवीस इंची. मग मिस्त्रीसमोर स्टुलावर बसून एकेक वस्तू सांगायची. पूर्ण चेनकव्हर हवे, पुढे डायनॅमोचा दिवा, मागे मजबूत कॅरियर, दुहेरी पायाचे स्टँड, ऐपत असेल तर चामड्याचे सीट. चामड्याच्या सीटला पहिले सहा महिने आपण सोसायचे, मग ते जन्मभर आपल्याला सोसते. मागच्या चाकाला चाळीस तारा, पुढच्याला बत्तीस, कारण भार मागे पडतो. हे इंग्रजांनी ठरवले आणि आमच्या दूधवाल्यांनी डबलसीटवर चार कॅन लावून पडताळून पाहिले. त्यांनी आणखी सुधारणाही केल्या. चिमट्याला दोन्ही बाजूंनी जादा सळया, कॅरियरला आडवा लोखंडी पट्टा, दांडीला दुसरी दांडी. कोणत्याही इंजिनिअरने ते नकाशावर काढले नव्हते. रामटेकला तीस मैल जायचे तर मुले पंप, सोल्युशनची नळी आणि पाना दांडीला बांधून निघत आणि नागपूरच्या मे महिन्यात चिकटवलेले ठिगळ उन्हाने सुटते हे रस्त्यात शिकत. आता काही हौशी तरुण भंगारातून तेच जुने पोलादी सांगाडे शोधून आणतात, गंज खरवडून, नवे गिअर, नव्या पिशव्या लावून दूरच्या प्रवासाला जातात. पोलादाचा गुण असा, की ते वाकले तर सरळ करता येते आणि तुटले तर गावच्या वेल्डरकडे जोडता येते. नव्या हलक्या धातूंना ही सवलत नाही.

मुंबईत लक्ष्मणराव आणखीही उद्योग करून पाहत होते. बटणे करून पाहिली, औषधाच्या गोळ्यांसाठी डब्या करून पाहिल्या. काही चालले, बरेच बुडाले. नोकरी टिकवून हे सगळे चालले होते. मग १८९७ च्या सुमारास त्यांच्या हक्काची बढतीची जागा आली आणि ती एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. त्या काळात यात कुणाला आश्चर्य वाटले नसते. लक्ष्मणरावांना राग आला. त्यांनी भांडण केले नाही की अर्जविनंत्या केल्या नाहीत. राजीनामा दिला आणि बेळगावला भावाच्या दुकानात येऊन उभे राहिले. संसार होता. पत्नी राधाबाईंनी त्या वेळी काय विचार केला असेल, हे चरित्रकारांनी फारसे लिहिलेले नाही. ते लिहायला हवे होते. मुंबईचा बांधलेला पगार सोडून नवरा सायकलच्या दुकानात बसतो, हे गिळणे सोपे नव्हते.

बेळगावात आल्यावर सायकलींबरोबर पवनचक्क्यांचीही विक्री सुरू झाली. पण दुसऱ्याचा माल विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. दुकानाशेजारी छोटे वर्कशॉप निघाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यातून पहिली स्वतःची वस्तू बाहेर पडली, ती कडबा कापण्याचे यंत्र. शेतकऱ्याच्या बैलांना अखंड कडबा टाकला की अर्धा तुडवला जातो. कापून घातला तर वाया जात नाही. गोष्ट साधी, पण गरजेची.

मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर. विलायती नांगर बाजारात होते. ते समोर ठेवून आपल्या बैलजोडीला ओढवेल, आपल्या जमिनीत चालेल असा नांगर लक्ष्मणरावांनी ओतला. विदर्भातल्या वाचकाला हे चटकन कळेल. आपल्या काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा खोल बसतात, लाकडी नांगराची धाव तिथवर नसते. तो वरची माती खरवडतो आणि मुळे सुरक्षित राहतात. लोखंडी नांगर माती उलथवून मुळे उन्हात आणतो. एवढे असूनही नांगर विकला जाईना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मूठभर नांगर खपायला दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांना आपण नीट थांबून पाहिले पाहिजे. वस्तू चांगली आहे, हे करणाऱ्याला माहीत आहे. घेणारा हात लावायला तयार नाही. शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होता आले असते, पुष्कळांनी तसे केलेही. पण ज्याने पंधरा रुपयांत धोतर नेसलेल्या वकिलाला सायकलवर बसवायला शिकवण्याचा धंदा पाहिला होता, त्याला एक गोष्ट ठाऊक होती. नवे यंत्र विकायचे तर आधी ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे लागते, त्याच्या मागून पळावे लागते आणि तो पडला तर उचलावा लागतो. नांगर शेतावर नेऊन चालवून दाखवले गेले. फाळ लवकर झिजतात अशी तक्रार आली तेव्हा ती झटकून न टाकता लक्ष्मणरावांनी अमेरिकन मासिके वाचून, भट्टीत प्रयोग करून टणक फाळ ओतायची कृती बसवली. झिजलेला भाग बदलून मिळतो हे कळल्यावर शेतकऱ्याची भीती कमी झाली. ही सगळी सायकल दुकानाची रीत.

नांगर चालू लागला तेव्हा जागेने दगा दिला. बेळगावच्या वेशीवर कारखाना होता, त्या भागात नवी वस्ती वसवायची म्हणून त्यांना उठायला सांगण्यात आले. चाळिशी आलेली, भट्टी, लेथ, कामगार, अर्धवट ओतलेले साचे घेऊन जायचे कुठे? औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी लक्ष्मणरावांचा स्नेह होता. बाळासाहेब स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते, संस्थानिकांत वेगळा माणूस. औंधात लक्ष्मणराव त्यांच्यासाठी एका मंडपाचे बांधकाम करीत होते. अडचण कानावर जाताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि कर्जही दिले.

माझी उमर बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेली, म्हणून या कर्जापाशी मी अडखळतो. प्रकरण टेबलावर आले असते तर शेरा काय पडला असता? अर्जदाराकडे पदवी नाही. पूर्वीचे उद्योग बहुतेक बंद. मालाला मागणी संशयास्पद. सध्याच्या जागेतून निष्कासित. प्रस्तावित जागा ओसाड, पाणी कमी, साप व निवडुंग भरपूर. तारण काहीच नाही. आमच्यातला कोणताही सावध अधिकारी हा कागद परत पाठवता, आणि नियमाप्रमाणे त्याचे बरोबरच असते. बाळासाहेबांनी माणूस पाहिला. संस्थानिकाला ते करता येते, त्याला ऑडिट नसते, असे कुणी म्हणेल. पण ऑडिट नसलेले बाकीचे शेकडो संस्थानिक तेव्हा कशावर खर्च करीत होते तेही पाहावे.

जागा होती पुणे-मिरज लोहमार्गावरच्या कुंडल रोड स्टेशनजवळची, बत्तीस एकर माळरान. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ मानतात. पंचवीसेक कामगार, त्यांच्या बायकापोरांसह, निवडुंग तोडून राहायला आले. आधी साप मारायचे, मग झोपड्या बांधायच्या, मग भट्टी पेटवायची. रामूअण्णा सोबत होतेच. शंभुराव जांभेकरांसारखे यंत्रात रमलेले आणि मंगेशराव रेग्यांसारखे हिशेबाला पक्के सहकारी मिळाले. या गावात अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. आणि दरोड्यांत शिक्षा भोगलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रखवालीला ठेवले. त्या रखवालदारांनी विश्वास मोडला नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध लागले आणि विलायतेहून येणारे बिडाचे लोखंड आणि भट्टीचा कोळसा आटला. नांगराला मागणी आता होती आणि ओतायला लोखंड नव्हते. लाकडाच्या कोळशावर भट्टी चालवून पाहिली, मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांकडे गेले, तेव्हा महाराजांनी पन्हाळगडावरच्या निकामी जुन्या तोफा वितळवायला देऊन टाकल्या. तोफांचे नांगर झाले आणि ते दख्खनच्या शेतांत फिरले. एखाद्या कादंबरीकाराने हे कल्पून लिहिले असते तर संपादकाने अतिरंजित म्हणून कापले असते.

पुढचे महाराष्ट्राला माहीत आहे. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, रहाट, पंप, ऑइल इंजिने. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये कारखान्याच्या मालाची माहिती देणारे किर्लोस्कर खबर काढले आणि त्यातून मराठी मासिकांचे एक घराणेच उभे राहिले. १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर. जुन्या घरांतल्या माळ्यावर त्यांचे बांधीव अंक अजून सापडतात. शंकररावांनीच काकांचे चरित्र यांत्रिकाची यात्रा या नावाने लिहिले. १९०३ मध्ये, म्हणजे नांगराच्याच वर्षी, जन्मलेले पुत्र शंतनुराव अमेरिकेत शिकून आले. १९४१ मध्ये हरिहरला लेथ करणारा कारखाना निघाला, तर १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरांचा. भायखळ्याच्या वर्कशॉपमध्ये रोज संध्याकाळी जो लेथ लक्ष्मणराव न्याहाळत बसत, तो आता त्यांच्याच नावाने देशभर जाऊ लागला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणराव गेले. सायकल तोपर्यंत हजार रुपयांची मौज राहिली नव्हती. ती पोस्टमन, शाळामास्तर आणि गिरणी कामगार चालवत होते, आणि त्याच १९५६ साली लुधियानात हिरो सायकलींचा कारखाना सुरू होत होता. कुंडल रोड स्टेशनची पाटी कधीच बदलली होती. तिथे उतरणाऱ्या माणसाला ती आजही किर्लोस्करवाडी म्हणूनच दिसते.